गालिचे निवडणारे लोकूमल

लोकूमलांविषयी लिहायचं मी बऱ्याचदा ठरवलं आणि दर वेळी दुसराच विषय काढून बसलो. उभा जन्म वकिलीत गेला. दुसऱ्याचा गुन्हा झाकायची आणि दुसऱ्याचाच गुन्हा उघडा पाडायची सवय लागली. स्वतःचा मांडायचा तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. म्हणून ते मला पहिल्यांदा भेटले तिथूनच करतो.

फाळणीला दोन-तीन वर्षं झाली होती. ठाण्याच्या कोर्टात माझा जम बसत होता आणि नौपाड्यात मी नवं घर बांधलं होतं. दिवाणखान्यात सोफासेट आला, काचेचं कपाट आलं, पुस्तकांचं कपाट आलं. मग मुंबईच्या एका अशिलाच्या घरी जुना इराणी गालिचा पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या कोकणातल्या घरी बैठक म्हणजे जाजम, पाहुणा मोठा असला तर त्यावर सतरंजी. गालिचा मी लग्नात भाड्याने आणलेलाच काय तो पाहिलेला. पण आपल्या घरी गालिचा नसला तर आपण वकील कसले, असं काहीतरी मनाने घेतलं खरं.

कल्याणच्या रेल्वे वसाहतीतला एक इंग्रज इंजिनियर कायमचा विलायतेला निघाला होता. त्याच्या बंगल्यात सामानाचा लिलाव होता, तिथे मी गेलो. हरणं आणि मोर विणलेला एक झगझगीत गालिचा पाहून मी तिथेच थबकलो. तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "साईं, हे घेऊ नका."

वळून पाहिलं तर साठीचा एक उंच, किडकिडीत गृहस्थ. पांढरा पायजमा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, डोक्यावर काळी गोल टोपी. याला स्वतःलाच हा गालिचा हवा असणार, असं मला वाटलं. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेने ओलं केलं आणि हरणाच्या पाठीवर घासून मला दाखवलं. रुमाल लाल झाला होता.

"कारखान्यातलं रंग आहे. पहिल्या धुण्यात हरीण मोराच्या अंगावर जाईल."

हे लोकूमल. कराचीला त्यांचं गालिच्यांचं दुकान होतं. दुकानाच्या दोन्ही बाजूंना मराठी बिऱ्हाडं होती, म्हणून मराठी बोलायचे. फक्त त्यांच्या मराठीत जगातल्या सगळ्या वस्तू नपुंसकलिंगी असत. आता ते सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पातल्या बराकीत, गोणपाटाचा आडोसा करून बायको आणि पुतण्यासह राहत. दुकानाविषयी मात्र कायम वर्तमानकाळात बोलत. "आमच्याकडे सकाळी दुकानापुढे पाणी मारतात," असं सांगायचे. पहिले काही दिवस मला वाटायचं, यांचं कॅम्पात एखादं दुकान असावं.

त्या लिलावात जेवणाच्या टेबलाखाली कुत्र्याच्या केसांनी भरलेला एक मळकट गालिचा होता. लोकूमल गुडघे टेकून बसले, त्याचा कोपरा उलटा करून पाठीवरच्या गाठींवरून बोट फिरवलं, घडी घालून कानाशी नेली. आतून कुजलेला गालिचा दुमडला की वाळल्या पानासारखा कडकड वाजतो, हे मला त्या दिवशी कळलं. हा वाजला नाही. मी म्हटलं, मग हाच घेऊ. तर म्हणाले, "तुमचं खोली मी बघितलं नाही. कसं सांगू?" लिलाव काही माझी खोली बघून येईपर्यंत थांबणार नव्हता. गालिचा दुसऱ्या कोणी नेला. मी हात हलवत आणि चरफडत परत आलो.

रविवारी ते ठाण्याला आमच्या घरी आले. माझ्या बायकोकडे, सुमतीकडे, त्यांनी एक चटई मागितली, ती दिवाणखान्याच्या मधल्या रिकाम्या जागेत टाकली आणि तिच्यावर बसले. सकाळी आठला बसलेला माणूस उन्हं उतरेपर्यंत बसून होता. मधूनमधून चटई सरकवायची, डोळे बारीक करून खिडकीकडे बघायचं, परत बसायचं. चहा नको, खाणं नको, फक्त पाणी. गालिचा पक्का होईपर्यंत ते कोणाकडे पाण्यापलीकडे काही घेत नसत. आईने दोनदा आतून येऊन बघितलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "हे गृहस्थ खोली बघायला आलेत की राहायला?"

प्रश्न तर इतके विचारले की मी साक्षीदाराला विचारत नाही. येणारा माणूस कोणत्या दारानं येतो? पक्षकार जोड्यांसकट आत येतात का? मुलं दूध कुठे बसून पितात? आजी कुठे बसतात? आजी कुठे बसतात हे आजवर घरात कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे आई जरा विरघळली. तरी तिची एक शंका होतीच. परक्यांच्या घरात साठ-सत्तर वर्षं पायाखाली तुडवलेली वस्तू आपल्या घरात आणायची कशी? लोकूमल एवढंच म्हणाले, "आजी, लोकर आहे." आईची शंका फिटली. लोकरीला विटाळ नसतो, हे तिला शिकवायला नको होतं. ती स्वतः धाबळी नेसून सोवळ्याचा स्वयंपाक करायची.

महिन्याभराने त्यांनी मुंबईच्या एका पारशी घरातून आमच्यासाठी गालिचा काढला. इराणातल्या हमदानकडचा, पिकल्या डाळिंबाच्या रंगाचा, मधे निळं पदक आणि कडेनं बारीक वेल. "आधी पाय, मग डोळा, मग खिसा," असं ते नेहमी म्हणत. त्याप्रमाणे मला जोडे-मोजे काढून, डोळे मिटून त्याच्यावरून चालायला लावलं. मग त्यांनी तो दिवाणखान्यात अंथरला, दारात जाऊन उभे राहिले, पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा उचलून या टोकाचा त्या टोकाला असा फिरवून घातला. मला तर दोन्हीकडून सारखीच नक्षी दिसत होती. "दारातून आलेल्याला असं दिसायला पाहिजे," ते म्हणाले. म्हाताऱ्याचा चोखंदळपणा म्हणून मी हसलो. त्यानंतर त्यांनी सुमतीच्या हातचे पोहे खाल्ले आणि मिरची कमी आहे असं तोंडावर सांगितलं.

माझ्यामुळे ठाण्यातली आणखी चार-पाच घरं त्यांना मिळाली. त्यातलं एक कोळशेतच्या हिराजी पाटलांचं. बापजाद्यांनी मिठागरात राबून जमीन केली होती, हिराजींनी त्यावर दुमजली घर बांधलं. माझे जुने अशील. लोकूमलांना मीच तिकडे घेऊन गेलो. हिराजींचं म्हणणं सरळ होतं.

"मना लाल पायजे. आनी सगल्यांत मोठा. शेजारचे घरान हाय त्याचेपेक्षा मोठा."

लोकूमलांनी अख्खा दिवस तिथे काढला आणि दुसऱ्या खेपेला एक लहानसा, काळपट निळा गालिचा घेऊन आले. हिराजी बघतच राहिले.

"आवरा लहान? माजे घरान सतरा मानसा बसतात."

"सतरा माणसं भिंतीला टेकून बसतात," लोकूमल म्हणाले. "मी मोजलं. मधे कोणी बसत नाही. मधे फक्त तुमचं आई झोपतं दुपारी."

हिराजींची आई कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. गुडघ्यांनी अधू झालेली. तिने हाताने गालिचा चाचपून पाहिला आणि लेकाला म्हणाली, "ठेव रं. गरम हाय." तो राहिला. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, मोठा दिला असता तर तुमचंच भलं झालं असतं. लोकूमल म्हणाले, "साईं, मोठं दिलं असतं तर म्हातारं कडेला झोपलं असतं." मला त्या माणसाचं त्या दिवशी फार कौतुक वाटलं. हे मुद्दाम लिहितो, कारण हा माणूस कसा आहे हे मला पुरतं ठाऊक होतं.

गालिचे ते खडवलीला नेऊन नदीत धूत. तिथे पाणी वाहतं आणि खडक सपाट आहे. एकदा मीही हौसेनं बरोबर गेलो होतो. रिठ्याच्या पाण्यात भिजवलेला गालिचा खडकावर पसरून ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्याच्यावर चालत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, उलट कधी नाही. मला जवळ बोलावून म्हणाले, हात फिरवा. एका बाजूने हात मऊ घसरला, दुसऱ्या बाजूने अडला. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसं. "लोकरीचं केस एका बाजूला झोपतं," ते म्हणाले. "हे विसरायचं नाही." मी नदीकडे बघत हो म्हटलं.

आमच्या गालिच्यावर पक्षकारांच्या पायांचा मळ बसला आणि एका बाजूची झालर उसवली, तेव्हा मी तो त्यांच्याकडे धुवायला आणि झालर बांधायला दिला. दोन आठवड्यांनी ते घेऊन आले तेव्हा मी कोर्टात होतो, सुमती बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात आई एकटी. तिने गुंडाळी ओटीवरच ठेवून घेतली. ते सांगून गेले, "साहेबांना सांगा, रविवारी मी येतो, मी घालतो." आईने संध्याकाळी निरोप दिला. मी म्हटलं, गालिचा अंथरायला सिंधी कशाला हवा? आणि तेव्हाच दिव्याच्या उजेडात गड्याकडून अंथरून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून आत आलो. डाळिंबी रंग कुठेच नव्हता. फिकट, गुलाबीसर, धुरकट असा काहीतरी गालिचा माझ्या दिवाणखान्यात पसरला होता. मी खाली बसून तपासला. झालर नवी होती. अंगावर पूर्वी नसलेली चकाकी होती. वीतभर कमी भरतोय असंही वाटलं, मोजला मात्र नाही. बदललेला रंग, नवी झालर, कमी लांबी. तीन मुद्दे मिळाले की वकिलाला आणखी काय लागतं? झालर मीच बांधायला सांगितली होती आणि चकाकी धुण्यानं आली होती, हे उलटतपासणीत एखाद्या शिकाऊ वकिलानेही काढलं असतं. पण उलटतपासणी घ्यायला समोर कोणी नव्हतं.

रविवारी माझ्याकडे कोर्टातले दोन वकील मित्र चहाला आले होते. गालिचा बदलल्याची हकीकत मी त्यांना रंगवून सांगत होतो तेवढ्यात लोकूमल ओटीवर आले. मी उठून दारात गेलो.

"लोकूमल, आमचा गालिचा कुठे आहे?"

ते हसले. "आत आहे ना साईं."

"आत आहे तो आमचा नव्हे."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावलं. मग खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. मी म्हटलं, "बूट काढू नका."

"दोन मिनिटं आत येऊ द्या."

"जे सांगायचं ते इथूनच सांगा."

"इथून सांगण्यासारखं नाही साईं. बघण्यासारखं आहे."

आतून एक मित्र म्हणाला, "आम्ही बघितलंय." दुसरा हसला. आणि मग मी जे बोललो ते शब्दन् शब्द मला आठवतं. मी म्हणालो, "तुमच्या कॅम्पात कशाचं काय होतं ते सगळ्या ठाण्याला माहीत आहे. पोलिसात देत नाही, हेच उपकार समजा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. मग सोडलेली नाडी पुन्हा बांधायला लागले. गाठ बसेना. मी मनगटावरच्या घड्याळात बघत उभा राहिलो. नाडी बांधून झाल्यावर ते पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या आठवड्यात बाररूमला ही गोष्ट कळली. मित्रांनी सांगितली आणि मीही सांगितली, खरं तर मीच जास्त चांगली सांगितली. निर्वासितांविषयी लोकांच्या मनात आधीच काय काय होतं, त्याला हा वकिलाच्या घरचा पुरावा मिळाला. ज्या घरांनी मला विचारून लोकूमलांना बोलावलं होतं त्यांनी मला न विचारता त्यांना बंद केलं. एकटे हिराजी पाटील माझ्याकडे आले. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

"वकीलसायेब, तो मानूस तसा नाय वाटत."

"माझ्या घरात झालंय, हिराजी."

"तुमी बोल्ताव म्हंजे असल," ते म्हणाले आणि उठले. त्यांनीही लोकूमलांना परत बोलावलं नाही. माझ्या शब्दाचं वजन त्यांच्या डोळ्यांपेक्षा जास्त ठरलं.

सुमती बाळाला घेऊन परत आली तेव्हा तिने गालिचा पाहिला आणि म्हणाली, मला तर हा तोच वाटतो. मी म्हटलं, बायकांना कापड कळतं, पुरावा कळत नाही. ती बाळाला घेऊन आत गेली.

दिवाळीच्या साफसफाईत गड्याने गालिचा उन्हात घातला आणि परत आणून अंथरला. मी कोर्टातून आलो, दारात पाऊल ठेवलं आणि जागीच थांबलो. समोर डाळिंबी गालिचा. तोच, पहिला. मला खरंच वाटलं, लोकूमलांनी गुपचूप आणून ठेवला. सुमती पुस्तकांच्या कपाटाजवळ, खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभी होती. ती म्हणाली, "इकडे या आणि इथून बघा." तिथून तो फिकट गुलाबी दिसत होता. दाराकडून डाळिंबी, कपाटाकडून फिकट. केस झोपले होते त्या बाजूने पाहिलं की उजेड सांडून जायचा, उलट बाजूने पाहिलं की रंग उभा राहायचा. गड्याने या वेळी नकळत बरोबर घातला होता. मागच्या वेळी उलटा पडला होता, एवढंच.

मी खाली बसून हात फिरवला. एका बाजूने मऊ गेला, दुसऱ्या बाजूने अडला.

"उद्या कॅम्पात जाऊन या," सुमती म्हणाली.

मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. आधी बाररूममध्ये सांगावं, मग कॅम्पात जावं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तोंड उघडणार, तोच आमच्यातले एक ज्येष्ठ वकील एका नवख्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते की पुरावा कसा वाचावा हे यांच्याकडून शिका, यांनी आपल्या दिवाणखान्यात चोर पकडला. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी हसलो, चहा संपवला आणि कोर्टात गेलो. त्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगता येईना, आणि बाररूममध्ये सांगितलं नाही म्हणून कॅम्पात जाता येईना. सुमती काही दिवस रोज विचारायची, जाऊन आलात का? मग तिने विचारणं सोडलं. ती विचारायची तेव्हा राग यायचा, विचारेनाशी झाली तेव्हा मान वर करून तिच्याकडे बघवेना.

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली. तिच्याकडे बघून नव्हे, की मन खाऊ लागलं म्हणूनही नव्हे, कल्याणच्या कोर्टात एक काम लवकर आटपलं म्हणून मी एकदा टांगा करून कॅम्पात गेलो. एवढंही मी मुद्दाम केलं नाही, हे सांगायला हवं. लोकूमल पुतण्याच्या दुकानात सापडले. दुकानात मेणकापडाचे आणि रेक्झिनचे गठ्ठे होते. लोकूमल वाळले होते, डोळ्यांना जाड चष्मा आला होता. मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. मग स्टूल पुढे केलं आणि पुतण्याला पाणी आणायला सांगितलं.

मी एकदम म्हणालो, "लोकूमल, तो गालिचा आमचाच होता."

"माहीत आहे साईं. तुमच्या खांद्यावरून थोडं दिसलं होतं. उलटं घातलं होतं."

"मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मानलं असतं?"

मी पाण्याचा पेला हातात घेऊन बसलो. मग मी घाईघाईने म्हणालो, मी आता सगळ्यांना सांगतो, कोर्टात सांगतो, हिराजींना सांगतो. लोकूमलांनी चष्मा काढून कोटाला पुसला.

"तुम्हाला किती दिवस झालं कळून?"

आजवर साक्षीदारांना असले प्रश्न मी विचारले होते. खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. "साडेतीन वर्षं," मी म्हटलं.

त्यांनी सावकाश मान हलवली. "मग नका सांगू. लोक विचारतील, इतकं वर्षं काय केलं. तुम्ही काय सांगणार?"

यात टोमणा होता का, हे मी नंतर कितीदा तपासून पाहिलं. आवाजात तरी नव्हता. गिऱ्हाइकाला एखादी वस्तू घेऊ नका म्हणून सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आणि मला काय वाटलं? हायसं वाटलं. सांगायची लाज वाटते, पण वाटलं. मी उपचारापुरतंही एकदा, 'नाही, नाही, सांगतोच,' असं म्हटलं नाही. पाणी संपवलं, पुतण्याची चौकशी केली, तब्येतीला जपा म्हणालो आणि उठलो.

टांगा निघाला. बाजाराच्या वळणापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माफी मागायला आलो आणि माफ करा हे दोन शब्द सोडून बाकी सगळं बोललो. मी मागे वळून पाहिलं. लोकूमल दुकानातून उतरून रस्त्यात आले होते. कपाळावर आडवा हात धरून, उन्हात डोळे बारीक करून टांग्याकडे बघत उभे होते.

टांगेवाल्यानेही पाहिलं. "साहेब, थांबवू का? म्हातारा बघतोय."

"नको," मी म्हणालो. "गाडी चुकेल."

ठाण्याच्या गाडीला अजून तासभर अवकाश होता.